विश्लेषण : धावत्या सावजाच्या किती पुढे नेम धरायचा? या कोड्यातून ‘सायबर’ शब्द देणारे नॉर्बर्ट वीनर कोण होते?

सायबर पोलीस, सायबर फसवणूक, सायबर कॅफे... हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात इतका मुरला आहे की तो आला कुठून, हे विचारावेसेही वाटत नाही. त्याचा माग काढत गेले की कोणतीही कंप्युटर कंपनी लागत नाही. लागतो तो दुसऱ्या महायुद्धातला एक तोफेचा प्रश्न. आकाशात उडणारे विमान पाडायचे असेल तर गोळा नेमका कुठे मारायचा? आणि त्या प्रश्नाशी झुंजणारा, अधू नजरेचा, सैन्यात भरती व्हायला गेला की परत पाठवला जाणारा एक गणितज्ञ.

हा प्रश्न विमानाच्या कितीतरी आधीचा आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या शेतकऱ्यांना आणि मेंढपाळांना तो कायोटीने घातला.

‘लीड’ म्हणजे काय?

कायोटी हा आपल्या कोल्ह्याचा अमेरिकी भाऊबंद. रोडरनरच्या कार्टूनमुळे त्याचे नाव आपल्याकडेही पोहोचले. मेंढ्यांवर हल्ले करतो म्हणून तिकडे त्याच्यावर रायफली रोखल्या जातात. जीव घेऊन पळताना तो ताशी ६० किलोमीटरच्या पुढे जातो, म्हणजे सेकंदाला सुमारे १८ मीटर. रायफलची गोळी नळीतून सुटताना साधारण ९०० मीटर प्रति सेकंद वेगाने निघते, पण हवेच्या विरोधाने मंदावत जाते. २०० मीटर कापायला तिला जवळपास पाव सेकंद लागतो. तेवढ्या वेळात आडवा पळणारा कायोटी साडेचार मीटर पुढे गेलेला असतो. शेपटी सोडली तर प्राण्याची लांबी जेमतेम मीटरभर. म्हणजे चार कायोटी एकामागे एक उभे केले तर जितकी जागा व्यापतील, तितके पुढे मोकळ्या हवेत नेम धरायचा. या पुढे धरलेल्या अंतराला नेमबाज ‘लीड’ म्हणतात.

अंतर ५० मीटर असेल तर हेच लीड मीटरभरावर येते. प्राणी आडवा न पळता तिरपा, समजा ३० अंशांच्या कोनात दूर जात असेल, तर लीड निम्मे होते. सरळ समोरून येत असेल किंवा पाठ दाखवून पळत असेल तर शून्य. वेगाचा अंदाज वीस टक्क्यांनी चुकला तर २०० मीटरवर गोळी ९० सेंटीमीटर इकडे-तिकडे, म्हणजे प्राण्याला चुकवून जाऊ शकते. शिवाय मेंदूने आता म्हटल्यापासून बोटाने घोडा ओढेपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग जातो. त्या क्षणी नळी थांबली तर आणखी साडेतीन मीटर गेले. म्हणून मुरलेले नेमबाज नळी थांबवत नाहीत. प्राण्याच्या पुढे ठरावीक अंतर राखून ती सरकवत राहतात आणि सरकती ठेवूनच गोळी झाडतात.

पण कायोटी काही रुळावरून धावत नाही. तो वळतो, दबतो, मध्येच थांबून मागे पाहतो. तरीही जुना शिकारी त्याचा पुढचा मार्ग बऱ्यापैकी ओळखतो, कारण भर वेगातला प्राणी एका क्षणात काटकोनात वळू शकत नाही आणि जवळच्या ओघळीकडे किंवा झुडपाकडेच तो जाणार असतो. पुढचे पूर्ण ठाऊक नाही, पण पूर्ण अज्ञातही नाही. हा जो मधला पट्टा आहे, त्याचे गणित नॉर्बर्ट वीनर यांनी मांडले.

वडिलांच्या शाळेतला मुलगा

वीनर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८९४ रोजी अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या कोलंबिया गावचा. वडील लिओ वीनर हे पूर्व युरोपातून आलेले ज्यू स्थलांतरित, पुढे हार्वर्ड विद्यापीठात स्लाव्ह भाषांचे प्राध्यापक झाले. मुलाला त्यांनी बराच काळ घरीच शिकवले. बीजगणितात चूक झाली की वडिलांचा आवाज चढायचा आणि मुलाचे रडणे सुरू व्हायचे. आठव्या वर्षी डोळे इतके बिघडले की डॉक्टरांनी सहा महिने वाचन बंद केले. मग धडे तोंडी सुरू झाले, आणि गणित डोक्यातल्या डोक्यात करण्याची सवय लागली ती कायमची.

अकराव्या वर्षी शाळा संपली. चौदाव्या वर्षी टफ्ट्स कॉलेजातून गणिताची पदवी. मग हार्वर्डला प्राणिशास्त्र घेतले, पण प्रयोगशाळेत हात चालेना, नजर साथ देईना, म्हणून ते सोडले. अठराव्या वर्षी हार्वर्डचीच डॉक्टरेट. वर्तमानपत्रांना हा मुलगा म्हणजे हक्काची बातमी होती. वडिलांनी मात्र जाहीरपणे लिहिले की मुलगा जन्मजात हुशार वगैरे नाही, हे सगळे शिकवण्याच्या पद्धतीचे यश आहे. यश आले तर वडिलांचे, अपयश आले तर आपले, हा सल वीनर यांनी पुढे आत्मचरित्रात मांडला. आपल्याकडे दहावी-बारावीच्या निकालांनंतर सत्काराचे फ्लेक्स लागतात, तेव्हा हे पान वाचण्यासारखे आहे.

केंब्रिजला बर्ट्रांड रसेल, गॉटिंगेनला डेव्हिड हिल्बर्ट अशा गुरूंकडे जाऊन आल्यावर पहिले महायुद्ध लागले. सैन्यात जाण्याचे वीनर यांचे प्रयत्न नजरेमुळे पुन्हा पुन्हा फसले. अखेर १९१८ मध्ये त्यांना मेरीलँडमधल्या अ‍ॅबरडीन इथल्या तोफांच्या चाचणी मैदानावर बोलावणे आले. गणितज्ञ ऑस्वाल्ड वेब्लेन तिथे माणसे जमवत होते. काम होते तोफांची कोष्टके तयार करण्याचे. तोफेचे तोंड अमुक अंशांवर असेल, वारा आणि हवेचे तापमान अमुक असेल, तर गोळा किती दूर पडेल? दिवस-रात्र आकडेमोड, मधल्या वेळेत पत्ते आणि पुन्हा आकडेमोड. उरलेल्या आयुष्यात वीनर यांच्याभोवती जो प्रश्न घोटाळणार होता, त्याची ही पहिली भेट. पण इथले लक्ष्य जमिनीवर बसलेले होते.

युद्धानंतर काही काळ त्यांनी बोस्टनच्या एका दैनिकात बातमीदारी केली. ती टिकली नाही. १९१९ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटीत शिकवायला लागले आणि तिथलेच झाले.

एमआयटीतल्या पहिल्या वर्षांत त्यांनी हात घातला तो पाण्यात तरंगणाऱ्या परागकणांमधल्या कणांच्या थरथरत्या हालचालीला, म्हणजे ब्राउनियन गतीला. कण पुढच्या क्षणी कुठे जाईल हे सांगता येत नाही, पण अशा असंख्य वाटांचे मिळून गणित करता येते, हे त्यांनी काटेकोरपणे दाखवले. शेअर बाजाराची गणिते करणारे आज ज्याला ‘वीनर प्रोसेस’ म्हणतात ते हेच.

१९४० : प्रश्न आकाशात गेला

१९४० च्या उन्हाळ्यापासून जर्मन विमाने ब्रिटनवर बॉम्ब टाकत होती. जर्मनीतून पळालेल्या शास्त्रज्ञांना अमेरिकेत नोकऱ्या मिळवून देण्यासाठी वीनर तिशीच्या दशकात धडपडले होते. त्यामुळे हे युद्ध त्यांच्यासाठी दूरचे नव्हते.

खाली ब्रिटनचे विमानविरोधी तोफखाने हजारो गोळे उडवत होते, आणि पडणारी विमाने मोजकी होती. कारण लीड. सहा-सात किलोमीटर उंचीवर पोहोचायला गोळ्याला २० सेकंद लागू शकतात. ताशी ४८० किलोमीटरने जाणारे विमान तेवढ्यात पावणेतीन किलोमीटर पुढे जाते. कायोटीच्या बाबतीत साडेचार मीटर, इथे पावणेतीन किलोमीटर! त्यात आणखी एक पेच. किती पुढे मारायचे हे गोळ्याला लागणाऱ्या वेळेवर ठरते आणि गोळ्याला किती वेळ लागेल हे तो किती पुढे मारायचा यावर ठरते. कोंबडी आधी की अंडे, तशातला प्रकार. एक उत्तर धरायचे, त्यावरून वेळ काढायची, त्या वेळेवरून उत्तर सुधारायचे, असे करत करत जवळ जावे लागते. हे काम करणारी यांत्रिक गणकयंत्रे तेव्हाही होती, पण बहुतेकांचे गृहीतक एकच होते : विमान सरळ रेषेत, त्याच वेगाने जात राहील.

वैमानिक असे करील कशाला? गोळे फुटायला लागले की तो वाकडातिकडा जाणारच.

डिसेंबर १९४० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संरक्षण संशोधन समितीने वीनर यांचा प्रस्ताव स्वीकारला. रक्कम दोन हजार डॉलरच्या थोडी वर, म्हणजे युद्धखर्चात चिल्लर. सोबतीला मिळाले तरुण इंजिनीअर ज्युलियन बिगेलो. वीनर यांच्या फळ्यावरचे समीकरण तारा, रोध आणि संधारक वापरून प्रत्यक्षात उतरवणे हे त्यांचे काम.

वीनर यांची कल्पना काय होती?

विमानाच्या मार्गाची जी नोंद तोफखान्याला मिळते, तिच्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, विमानाची खरी चाल. दुसरी, दुर्बिणीवर बसलेल्या माणसाच्या हाताची थरथर आणि उपकरणांच्या चुका. दोन्ही वेगळ्या केल्याशिवाय पुढचा अंदाज करण्यात अर्थ नाही. उद्याचे सांगण्याआधी आजचे नीट ऐकू यावे लागते. वीनर यांनी हा प्रश्न टेलिफोनच्या तारेतल्या खरखरीसारखा हाताळला. बोलणे कोणते आणि खरखर कोणती हे एकेका क्षणावरून कळत नाही, पण दोन्हींच्या सरासरी सवयी ठाऊक असतील तर चूक कमीत कमी राहील अशी गाळणी बनवता येते. ती गाळणी कशी असावी, याचे सूत्र त्यांनी काढले. तेच सूत्र थोडे पुढे रेटले की भविष्याचा सर्वांत कमी चुकणारा अंदाज मिळतो. सोव्हिएत रशियात आंद्रे कोल्मोगोरोव्ह यांनी जवळपास याच सुमारास, स्वतंत्रपणे असेच गणित मांडले होते.

दुसरी पायरी अधिक धाडसी. वैमानिक मनमानी करू शकत नाही, असे वीनर यांचे म्हणणे. विमानाचे वजन आणि वेग त्याला झटकन वळू देत नाही. त्यात भीतीने ताणलेला माणूस त्याच त्या सवयीच्या हालचाली करतो. मग त्याच्या मागच्या चालीतून पुढची काढता येईल. ओघळीकडे पळणाऱ्या कायोटीबद्दल शिकारी जे अनुभवाने म्हणतो, ते इथे समीकरणात आले.

विमान काही प्रयोगशाळेत आणता येत नव्हते. म्हणून भिंतीवर प्रकाशाचा एक ठिपका फिरवला गेला. दुसरा ठिपका एका माणसाच्या हातातल्या दांड्याने हलायचा आणि त्याने पहिल्याचा पाठलाग करायचा. दांडा मुद्दाम सुस्त, उशिरा प्रतिसाद देणारा ठेवला होता. त्यामुळे खेळणाऱ्याची अवस्था जड विमान वळवणाऱ्या वैमानिकासारखी व्हायची. तो कमी पडायचा, मग जास्त वळवायचा, मग परत सावरायचा. यंत्राचे काम त्या माणसाचा ठिपका पुढच्या क्षणी कुठे असेल ते सांगण्याचे. एका माणसाच्या जुन्या चालीवरून त्याच माणसाचा अंदाज चांगला यायचा, दुसऱ्याचा तितका नाही. आपल्या फोनचा कीबोर्ड आपण पुढे काय टाइप करणार ते सुचवतो आणि मित्राच्या हातात दिला की चुकतो, त्याची ही आजी म्हणायला हरकत नाही.

फेब्रुवारी १९४२ मध्ये वीनर यांनी सगळे गणित एका गुप्त अहवालात लिहून दिले. वेष्टन पिवळे आणि आतले गणित इतके अवघड की इंजिनीअरांनी त्याला ‘यलो पेरिल’, म्हणजे पिवळे संकट, असे नाव ठेवले. चिनी-जपानी लोकांबद्दलचा तो तेव्हाचा वंशद्वेषी शब्द होता, आणि विनोद म्हणून तो बिनदिक्कत वापरला गेला.

यंत्र युद्धात चालले का?

नाही. १९४२ च्या उन्हाळ्यात समितीचे लोक प्रयोग पाहायला आले तेव्हा थक्क झाले. पण मग खऱ्या विमानांच्या उड्डाणाच्या नोंदींवर परीक्षा झाली. समोर होती बेल लॅबच्या हेंड्रिक बोडे यांची पद्धत, खूपच साधी. वीनर यांचे यंत्र तिच्यापेक्षा किंचितच सरस ठरले. वैमानिक तोफखान्याच्या टप्प्यात असतो तो अगदी थोडा वेळ, आणि इतक्या तुटपुंज्या नोंदीतून त्याच्या सवयी काढणे जमेना. १९४३ च्या सुरुवातीला प्रकल्प गुंडाळला गेला.

युद्धात बाजी मारली ती बेल लॅबच्या एम-९ या विद्युत गणकयंत्राने. १९४४ च्या उन्हाळ्यात जर्मनीने लंडनवर व्ही-१ नावाचे वैमानिकरहित उडते बॉम्ब सोडायला सुरुवात केली. एम-९, रडार आणि लक्ष्याजवळ पोहोचताच आपोआप फुटणारा गोळा, अशी तिहेरी जोडी किनाऱ्यावर लावली गेली. २८ ऑगस्टला नव्वदहून अधिक व्ही-१ आले, लंडनपर्यंत पोहोचले चार. त्यात लढाऊ विमानांचाही वाटा होताच. पण तोफांच्या दृष्टीने गंमत अशी की व्ही-१ मध्ये माणूस नव्हता. ते घाबरत नव्हते, वळत नव्हते, सरळ रेषेत एका वेगाने येत होते. म्हणजे जुन्या यंत्रांचे जे गृहीतक वीनर यांना भाबडे वाटत होते, तेच इथे खरे ठरले. माणूस ज्या विमानात बसलेला आहे त्याचा प्रश्न अवघडच राहिला.

फसलेल्या यंत्रातून ‘सायबर’ कसे निघाले?

सुस्त दांड्याशी झगडणारा तो माणूस वीनर यांच्या डोक्यातून जाईना. चूक दिसली की दुरुस्त करायची, दुरुस्ती जास्त झाली की उलट दुरुस्ती. यालाच इंजिनीअर ‘फीडबॅक’ म्हणतात. फीडबॅक प्रमाणाबाहेर गेला तर यंत्र एका जागी न स्थिरावता हेलकावत राहते. वीनर आणि बिगेलो यांनी मेक्सिकोचे शरीरशास्त्रज्ञ आर्तुरो रोझेनब्लूथ यांना विचारले : माणसाच्या शरीरात असे काही होते का? उत्तर होकारार्थी आले. लहान मेंदूला इजा झालेल्या रुग्णाला पेला उचलायला सांगितला तर त्याचा हात पेल्याच्या अलीकडे-पलीकडे झोके घेतो. बिघडलेल्या तोफेसारखाच.

तोफ, तोफेवरचा माणूस, वैमानिक आणि रुग्ण, सगळ्यांना एकच गणित लागू. १९४३ मध्ये तिघांनी यावर लेख लिहिला आणि १९४८ मध्ये वीनर यांचे ‘सायबरनेटिक्स’ हे पुस्तक आले. जहाजाच्या सुकाणूवर बसणाऱ्या माणसाला असलेल्या ग्रीक शब्दावरून त्यांनी हे नाव घडवले. समीकरणांनी भरलेले असूनही पुस्तक तुफान खपले. पुढे इतरांनी त्या नावाचे शेपूट तोडले आणि उरलेला ‘सायबर’ जगभर फिरत आपल्या पोलीस ठाण्यांच्या पाट्यांवर पोहोचला.

त्या गाळणीची कहाणी वेगळीच. ‘वीनर फिल्टर’ आज आवाजातली खरखर काढायला आणि धूसर फोटो स्वच्छ करायला वापरतात. १९६० मध्ये रुडॉल्फ कालमन यांनी मांडलेली, नव्या नोंदीसरशी अंदाज सुधारत जाणारी पद्धत याच घराण्यातली. मॅपवरचा निळा ठिपका फार उड्या मारत नाही, त्यात तिचा हात आहे.

अहवाल द्यायला नकार

हिरोशिमानंतर वीनर बदलले. १९४६ च्या अखेरीस एका मोठ्या विमान कंपनीतल्या संशोधकाने त्यांच्याकडे त्या युद्धकालीन अहवालाची प्रत मागितली. काम होते नियंत्रित क्षेपणास्त्रांचे. वीनर यांनी नकार दिला, आणि नकाराचे पत्र जानेवारी १९४७ मध्ये ‘अटलांटिक मंथली’ मासिकात छापूनही आणले. शहरांतल्या निःशस्त्र माणसांवर वापरले जाण्याखेरीज या अस्त्रांचा उपयोग नाही आणि बेजबाबदार लष्करशहांच्या हाती पडू शकेल असे काम आपण यापुढे प्रसिद्ध करणार नाही, असा त्याचा आशय. त्याच महिन्यात हार्वर्डमध्ये नौदलाच्या सहभागाने भरलेल्या गणकयंत्र परिषदेतून त्यांनी आपले व्याख्यान काढून घेतले. लष्कराचा पैसा विद्यापीठांत वाहत होता, सहकारी त्यावर प्रयोगशाळा उभारत होते, आणि ज्याच्या गणितावर हे चालले होते तो माणूस बाजूला झाला. एफबीआयने त्यांच्या नावाची फाइल ठेवली.

नकाराने काही थांबले का, हा प्रश्न रास्त आहे. क्षेपणास्त्रे थांबली नाहीत. १९४९ मध्ये तर तो अहवालच पुस्तकरूपाने बाजारात आला, कोणीही विकत घ्यावा असा. तरी त्या नकाराला पोकळ म्हणता येणार नाही. मला विचारू नका, मी फक्त गणित करतो, ही पळवाट निदान एका माणसाने जाहीरपणे बंद केली, तीही कारकीर्द भरात असताना.

त्याच १९४९ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या मोटार कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष वॉल्टर रॉयथर यांना आपणहून पत्र लिहिले. स्वयंचलित यंत्रे कारखान्यात येणार आहेत, कामगारांनी आधीच तयारी करावी, आणि आपण हे तंत्र मालकांना विकणार नाही, असा इशारा त्यात होता. ‘द ह्यूमन यूज ऑफ ह्यूमन बीइंग्ज’ हे १९५० चे पुस्तक याच विषयावर सामान्य वाचकांसाठी लिहिलेले. एआयमुळे नोकऱ्या जातील का, यावर आज जे वाद झडतात, त्यातले बरेच मुद्दे तिथे आधीच भेटतात.

कोसंबींशी मैत्री

वीनर यांचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी १९१८ मध्ये वडिलांबरोबर अमेरिकेत गेले. धर्मानंद तिथे हार्वर्डमध्ये पाली ग्रंथांवर काम करत होते. मुलगा तिथल्याच शाळेत आणि मग हार्वर्डमध्ये शिकला. याच काळात त्याची वीनर यांच्याशी ओळख झाली आणि ती मैत्री पुढे टिकली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले गणितज्ञ आणि भारतीय इतिहासाचे अभ्यासक म्हणून कोसंबींना महाराष्ट्र ओळखतो. अण्वस्त्रांना विरोध हा पुढे दोघांचाही स्वर राहिला, हे विशेष.

जानेवारी १९५४ मध्ये हैदराबादला भरलेल्या सायन्स काँग्रेससाठी वीनर भारतात आले. १९५५-५६ मध्ये पुन्हा येऊन त्यांनी कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये अनेक महिने शिकवले.

जानेवारी १९६४ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या हस्ते त्यांना विज्ञानाचे राष्ट्रीय पदक मिळाले. दोनच महिन्यांनी, १८ मार्चला, स्वीडनच्या दौऱ्यावर असताना स्टॉकहोममध्ये ते कोसळले आणि तिथेच त्यांचे निधन झाले. वय ६९. शिकणाऱ्या यंत्रांवर आणि ती बनवणाऱ्या माणसाच्या जबाबदारीवर लिहिलेले त्यांचे छोटेसे पुस्तक, ‘गॉड अँड गोलेम’, त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. १९६५ मध्ये त्याला अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला.